मधलं तेवढं आत

एका गावात श्रीपती नावाचा एक भोळा माणूस राहत होता. कामाला वाघ. सांगाल ते करायचा, आणि सांगाल अगदी तसंच करायचा. सगळी अडचण तिथेच होती.

तो नरहरकाकांच्या वधू-वर सूचक मंडळात संगणकावर बसे. मंडळाने तीन वर्षांत एकही लग्न जुळवलं नव्हतं. गाव हसायला लागलं होतं. शेवटी काकांनी रविवारी मेळावा ठेवला. त्यात एक तरी लग्न जुळलं तर ठीक, नाहीतर मंडळाला कुलूप.

मेळाव्यासाठी पुस्तिका छापायची होती. शहाण्णव स्थळांची माहिती एका एक्सएमएल फाइलीत होती. तिथे प्रत्येक गोष्टीच्या पुढे एक टॅग, म्हणजे कंसात लिहिलेली खूण, आणि मागे एक टॅग. कुठल्या टॅगमधलं काय उचलायचं आणि कागदावर कुठे ठेवायचं, हे दुसऱ्या फाइलीत लिहायचं. तिला एक्सएसएल स्टाइलशीट म्हणत. ती लिहिण्याचं काम श्रीपतीकडे होतं.

काका म्हणाले, फाइलीतून नाव काढ. श्रीपतीने काढलं. प्रिंटरमधून कागद आला. त्यावर ‘वैदेही साठे’ एवढंच. खाली सगळं कोरं.

बाकीची पंचाण्णव कुठे गेली, असं काकांनी विचारलं.

“पहिलं सापडलं, थांबलो,” श्रीपती म्हणाला.

“अरे, पहिल्यावर थांबायचं नाही. एकेकापाशी जायचं, सगळी संपेपर्यंत.”

श्रीपतीने ते पाठ केलं.

दुपारी काकांनी त्याला आचाऱ्याकडे पाठवलं, लाडवांची चव बघून ये म्हणून. दिवेलागण झाली तरी हा परत येईना. काका गेले, तर हा परातीपाशी पोट धरून बसलेला. एक्केचाळीस लाडवांचा एकेक घास खाल्लेला.

“एकेकापाशी गेलो, काका,” श्रीपती कण्हत म्हणाला. “पण सगळे संपले नाहीत.”

काकांनी सांगितलं की वरचा एक घेतला तरी पुरतं. श्रीपतीने तेही पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी फोन नंबर घालायचे होते. शहाण्णव नावं बरोबर आली, पण प्रत्येक नावाखाली नंबर एकच. वैदेहीच्या वडिलांचा. फाइलीतला अगदी वरचा. साठे म्हणजे गावचे पोस्टमास्तर, फार तापट. काकांना घाम फुटला. ज्याच्या घरात उभा आहेस त्याच्याच घरातलं घ्यायचं, असं त्यांनी श्रीपतीला चार वेळा सांगितलं.

नंबर दुरुस्त झाले. मग काकांनी त्याला शाळेतून खुर्च्या आणायला धाडलं. ऊन रणरणत होतं. वाटेत तो साठ्यांच्या घरात पाणी प्यायला शिरला. पाणी प्यायला, इकडेतिकडे बघितलं, आणि तिथल्याच सहा खुर्च्या हातगाडीवर घालून घेऊन आला. सहावीवर साठ्यांची म्हातारी आई बसलेली होती. तिची काठी आणि चष्मा मात्र घरीच राहिले होते.

काका म्हणाले, आणायचंच होतं तर ज्याचं त्याच्यासकट तरी आणायचं.

पुस्तिकेचा शेवटचा कागद निघाला तेव्हा त्यावर सगळं टॅगसकट आलं होतं. नुसते कंस आणि रेघा. नावं शोधून काढावी लागत होती.

काका जात्याच सोशिक. “श्रीपती, नीट ऐक. पुढचा टॅग बाहेर. मागचा टॅग बाहेर. मधलं तेवढं आत.”

पुस्तिका छान झाली. काकांनी त्याची पाठ थोपटली.

रविवारी काका पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले आणि मेळाव्याच्या दारावर श्रीपतीला उभं केलं. पहिली आली वैदेही. पुढे वडील, मागे आई. श्रीपतीने क्षणभर विचार केला. वडिलांना ओट्यावर बसवलं, आईला ओट्यावर बसवलं, वैदेहीला आत घेतलं. मग मोहिते आले. पुढे मोहिते, मागे त्यांची बायको, मधे मुलगी आणि मुलीची आत्या शालनताई. मधल्या दोघी आत गेल्या. तासाभरात शहाण्णव मुलंमुली आत, आईबाप बाहेर, आणि दाराला कडी.

“आम्ही काय चपला आहोत का रे, बाहेर ठेवायला?” पोस्टमास्तर कडाडले.

“नाही,” श्रीपती नम्रपणे म्हणाला. “टॅग आहात.”

तेवढ्यात काका आले. पुढे एक पाहुणे, मागे दुसरे. श्रीपतीने काकांचा दंड धरला, त्यांना आत ओढलं, पुन्हा कडी घातली आणि दार अडवून उभा राहिला.

आत कोणी पत्रिका काढत नव्हतं, कोणी पगार विचारत नव्हतं. मुलंमुली आपापसात बोलत होती, हसत होती. चार वाजता कडी निघाली तेव्हा सहा लग्नं जुळलेली होती. आईबाप फुगलेले होते, पण सहा म्हणजे सहा. मंडळाचं कुलूप टळलं.

सगळ्यात शेवटी काका बाहेर आले. त्यांच्याबरोबर शालनताई. काका बावन्न वर्षांचे, ताई सत्तेचाळीसच्या, आणि दोघांचंही लग्न राहून गेलेलं. म्हणजे सात.

काकांचे कान लाल झाले होते. त्यांनी श्रीपतीला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “माझं नाव काही तुझ्या फाइलीत नव्हतं. मग मला का रे आत ओढलंस?”

“तुम्ही मधे होतात ना, काका,” श्रीपती म्हणाला.