टिंगीच्या दारावर गाडीचं चाक

एक होती उंदरी. नाव टिंगी. ती गेली होती फिरायला. परत येते तर काय? बिळाच्या दारावर गाडीचं चाक!
आत पिल्लू रडतंय, "चीं चीं! आई, भूक!"

टिंगी म्हणाली,
"चाका चाका, हल ना!
पिल्लू आत, मी बाहेर!"
चाक म्हणालं, "पुढे भिंत. न वळता कसं हलू? स्टिअरिंगला सांग, जा!"

टिंगी गेली तुरुतुरु.
"स्टिअरिंगा स्टिअरिंगा, फिर ना!
चाक हलेना,
पिल्लू आत, मी बाहेर!"
स्टिअरिंग म्हणालं, "कुंईंईं! मी आखडलंय. मला ढकलतो पंप. त्याला सांग, जा!"

टिंगी गेली तुरुतुरु.
"पंपा पंपा, ढकल ना!
स्टिअरिंग फिरेना,
चाक हलेना,
पिल्लू आत, मी बाहेर!"
पंप म्हणाला, "घर्रर्र! तेलच नाही. ढकलू कशानं? तेलाच्या डबीला सांग, जा!"

टिंगी गेली तुरुतुरु.
"डबी डबी, तेल दे ना!
पंप ढकलेना,
स्टिअरिंग फिरेना,
चाक हलेना,
पिल्लू आत, मी बाहेर!"
डबी म्हणाली, "ठण ठण! मीच रिकामी. गाडी बापूकाकांची. त्यांना सांग, जा!"

बापूकाका झोपाळ्यावर. कुर्र कुर्र.
"काका काका, उठा ना!
डबी भरेना,
पंप ढकलेना,
स्टिअरिंग फिरेना,
चाक हलेना,
पिल्लू आत, मी बाहेर!"
काका म्हणाले, "दसऱ्याला हार घातला गाडीला. नारळ फोडला. आणखी काय हवं तिला?"
"हार पिते का गाडी? बोनेट कधी उघडलंत?"
"एवढीशी तू! मोठ्यांना शिकवतेस?"
"मोठे ना? मग उठा!"
काका उठेनात.
टिंगीनं धरला पायाचा अंगठा. कच्च!
"अगं आई गं!"
काका उठले. घेतली खोबरेलाची बाटली.
"अहो, ते डोक्याचं! स्टिअरिंगचं आणा!"
ते होतं माळ्यावर. सीलसुद्धा तुटलं नव्हतं!
काकांनी बोनेट उघडलं. डबीचं झाकण पुसलं. पुस पुस. मग काढलं. तेल ओतलं. गुळुक गुळुक.
टिंगी म्हणाली, "बास! डबीवरची खूण आली. वर नको!"
झाकण घट्ट. बोनेट बंद. काकांनी किल्ली फिरवली. भुर्रर्र!

डबी भरली,
पंपानं ढकललं,
स्टिअरिंग फिरलं,
चाक वळलं, चाक हललं,
दार उघडलं!

टिंगी आत. पिल्लू कुशीत. दूध पितंय चुटुचुटु.
बाहेर काका अंगठा चोळत बसलेत.
बसू देत!