केरबा नातं निभावतो

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा किती, तर "जरा दाराकडे बघ रे" म्हणून आई विहिरीवर गेली, की ती येईपर्यंत हा दाराकडे बघत उभा. मांजर दूध पिऊन गेलं. दार मात्र जागेवर होतं.

हौसाबाईचा तो एकुलता एक. तिला एकच घोर होता, या ध्यानाला बायको कोण देणार? गावात कुणी विचारीना, म्हणून तिने लांबचं स्थळ काढलं. निघताना बजावलं, "परक्या बाईमाणसाशी नातं लावून बोलावं. सरळ मावशी म्हणायचं."

"मावशी म्हणायचं," केरबा म्हणाला.

मुलगी पोहे घेऊन आली. लाजत होती बिचारी. केरबाने घास खाल्ला आणि म्हणाला, "झकास झालेत हो मावशी." मुलगी आत गेली ती परत बाहेर आलीच नाही.

हौसाबाईने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, जिला बघायला गेलास तिला मावशी म्हणतात का? पोहे घेऊन येते ती बायको व्हायची असते."

"पोहे आणते ती बायको," केरबाने पाठ केलं.

दुसऱ्या गावची मुलगी फारच लाजाळू. उंबऱ्याच्या आतच अडून बसली. मग पोहे तिच्या आईनेच आणले. केरबाने तिला नीट न्याहाळलं. वय जरा जास्त वाटलं, पण आपण कोण बोलणार? "बायको," तो म्हणाला, "वरून थोडं खोबरं घाल." मुलीचा बाप शेजारीच बसला होता आणि त्याच्याजवळ काठी होती. पुढचं काय सांगायचं? मायलेक उसातून वाट काढत घरी पोचले.

हौसाबाई रडकुंडीला आली. "आता तू कुणाला काही म्हणूच नकोस बाबा. समोरचा तुला जे म्हणेल त्याला हो म्हण. आणि नुसतं तोंडदेखलं नको, नातं निभवायचं असतं."

"हो म्हणायचं आणि निभवायचं."

तिसऱ्या गावी तातोबाची शेवंता होती. केरबा गप्प बसला, तर सगळ्यांना तो सालस वाटला. तातोबाचा जीवच बसला त्याच्यावर. म्हणाला, "मला मुलगा नाही. जावई म्हणजे मुलगाच. आजपासून तुम्ही या घरचा मुलगा, बरं का."

"हो," केरबा म्हणाला.

"आणि मला बाबा म्हणायचं."

"हो, बाबा."

तातोबाचे डोळे भरून आले. लग्न ठरलं.

मांडवात भटजींनी हाक दिली, "कानपिळीला नवरीचा भाऊ कुठे आहे?" नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला सांभाळ म्हणून दटावायचं आणि मानाची टोपी घ्यायची, अशी रीत. तातोबा कावराबावरा झाला. पुतण्याला बोलवावं का, म्हणून इकडेतिकडे बघू लागला. तेवढ्यात नवरदेवच उठला.

"मी आहे की," म्हणाला.

त्याने स्वतःचा कान धरला आणि असा पिळला, की डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या बहिणीला नीट सांभाळशील ना?" असं विचारलं, आणि लगेच कळवळून उत्तरही दिलं, "सांभाळतो, आधी कान सोड." मग आईच्या हातून टोपी घेऊन मुंडावळ्यांवरच चढवली. मांडव हसून हसून लोळला. पाहुणे म्हणाले, नवरदेव भलताच गमत्या आहे. शेवंतासुद्धा पदराआड हसली. हौसाबाई तेवढी हसली नाही. ती त्याला ओळखून होती.

पाठवणीची वेळ झाली. शेवंता डोळे पुसत गाडीत बसली. हौसाबाई पुढे आहेराची भांडी सांभाळत बसली. केरबाने चाकावर पाय ठेवला, तोच मागून तातोबाचा हुंदका ऐकू आला. "गेली माझी पोर. आता या घरात मला कोण?"

केरबाचा पाय तिथेच थबकला. नातं निभवायचं असतं. त्याने पाय खाली घेतला. बैलांच्या घुंगरांत कुणाला काही कळलं नाही आणि गाडी निघून गेली.

तातोबा उपरण्यात तोंड खुपसून रडत होता. कुणीतरी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नका, बाबा. मी आहे ना."

तातोबाने वर पाहिलं. मुंडावळ्या बांधलेला केरबा शेजारी बसला होता आणि त्याचेही डोळे लाल झाले होते.

"लेक सासरी जायचीच," केरबा म्हणाला. "सासू चांगली आहे, मी ओळखतो तिला. पण बाबा, जावई काही मला पटला नाही. नव्या नवरीला एकटीला गाडीत घालून कुठं उलथला कोण जाणे. सापडू दे, त्याचा दुसराही कान पिळतो."