मुक्या फिल्मची जबानी

"उद्या सकाळी अनसाच्या घोडीचा लिलाव!" निंबाळगडच्या महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला.

अनसा टांगेवाली. नवरा गेल्यापासून चिमणी नावाच्या त्या घोडीवरच तिची चूल पेटायची. आणि गुन्हा काय? तर जमादार भुजंगरावांनी शपथेवर सांगितलं, की हिनं चौकातून टांगा उधळला, हात केला तर थांबली नाही, वर चाबूक उगारला. आता जमादार म्हणजे सत्यवचनी! सरकारी कोट अंगावर चढला की खोटं आपोआप गळून पडतं, असं महाराजांचं ठाम मत.

"महाराज, पोलिसांच्या मोटारीवर आपणच हौसेनं फिल्मचं यंत्र बसवलंय. ते तेव्हा चालू होतं. त्यात बघा की!" अनसा पुढं होऊन म्हणाली.

"मुकं खेळणं ते! जबानी तोंडानं द्यायची असते. आधी फिल्म बोलती कर, मग बघू!"

दरबारी खो खो हसले. पगारच त्याचा मिळायचा!

"करते की!" अनसा म्हणाली. "तंबूतल्या मुक्या सिनेमात पडद्यापाशी उभा राहून एक माणूस गोष्ट सांगतो ना? तसं जमादारांनी फिल्मपुढं आपलीच जबानी पुन्हा सांगायची. दुसरं काही नको."

जमादारांना घाम फुटला. पण नाही म्हणावं, तर जबानीच लटकी ठरणार!

संध्याकाळी पडदा लागला. महाराजांकडे पाठ करायची नाही, हा दरबारचा रिवाज. त्यामुळे जमादारांचं तोंड महाराजांकडे आणि पडदा पाठीमागं.

"महाराज, घोडी वाऱ्यासारखी उधळली!"

पडद्यावर चिमणी एक पाय दुमडून डुलक्या घेत होती.

"मी जिवावर उदार होऊन झेप घेतली!"

घेतली खरी. टांग्यातल्या पेरूंच्या पाटीवर!

"बाईनं चाबूक उगारला!"

चाबूक जागच्या जागी खोचलेला. बाई बिचारी पदरानं पाटी झाकत होती.

"आणि त्या जनावरानं माझ्यावर हल्ला केला!"

चिमणीनं जमादारांच्या फेट्याचा शेमला तोंडात धरला, चघळला आणि थू करून टाकला.

दरबारात हशा उसळला. जमादारांना वाटलं, बाईलाच हसतायत. त्यांनी आवाज आणखी चढवला!

"अहो, मागं वळा!" महाराज ओरडले.

"आपल्याकडे पाठ? प्राण गेला तरी नाही!"

"वळा म्हणतो ना!"

जमादार वळले. पडद्यावरच्या जमादारांचे दोन्ही गाल पेरूनं फुगले होते. खऱ्या जमादारांचे बसले.

"अनसा, मुक्या फिल्मला वाचा कशी फोडलीस गं?"

"त्यात काय महाराज! फिल्मला जीभ नव्हती, जमादारांना डोळे नव्हते. दोघांना शेजारी उभं केलं, झालं!"

महाराज डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. घोडी सुटली, वर राजवाड्याच्या पागेतून तिला जन्मभराची चंदी मिळाली.

"आणि जमादारांचा तो फेटाही घोडीला देऊन टाका!"

"नको महाराज!" अनसा लगाम धरत म्हणाली. "तिनं एकदा चाखलाय. आत्ताच बघितलंत ना, थुंकला!"