महिपतीनं लोड दिला

चिंचोशी नावाच्या गावात महिपती नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? कुणी "जरा थांब" म्हटलं, तर पुन्हा कुणी "जा" म्हणेपर्यंत तो तिथंच थांबायचा.

त्याचे मेहुणे रघुनाथ दाजी गावचे वायरमन. एकदा ते शिडीवरून पडले आणि पाय प्लास्टरात गेला. "महिनाभर काम बंद राहिलं तर गिऱ्हाईक दुसरा माणूस धरेल," असं म्हणून महिपतीची बहीण डोळ्यांना पदर लावून बसली. महिपतीला ते बघवेना.

"मी जातो की," तो म्हणाला.

दाजींनी बराच विचार केला. मग विजेचा दाब मोजायचं मीटर त्याच्या हातात दिलं. "याच्या दोन काड्या सॉकेटच्या दोन भोकांत घालायच्या. आकडा दोनशे तीसच्या आसपास आला तर ठीक. कमी आला तर मला फोन कर. मी सांगेन तेवढंच करायचं."

"तेवढंच करीन," महिपती म्हणाला. आणि त्यानं तेवढंच केलं.

पहिलं घर सुभानराव शिंप्याचं. इस्त्री तापत नव्हती. सॉकेट जमिनीपासून वीतभर उंचीवर. महिपतीनं काड्या घातल्या आणि फोन लावला.

"दाजी, एकशे साठ."

"फारच खाली आहे रे. वर यायला पाहिजे."

महिपतीनं मान डोलावली. दुपारी गावची वीज गेली, तेवढ्यात त्यानं अख्खा बोर्ड उखडला आणि पार आढ्याजवळ नेऊन ठोकला. संध्याकाळी सुभानराव स्टुलावर चढून, एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हातात पाट धरून सदरा इस्त्री करत होते. इस्त्री गारच होती.

दाजींनी कपाळाला हात लावला. "बोर्ड नाही वर न्यायचा, बाबा. आधी शेजारी विचारायचं, तुमच्याकडं पण तसंच आहे का. सगळीकडं तसंच असेल तर दोष खांबावरचा. आपण हात लावायचा नाही."

"असं होय," महिपती म्हणाला. "आता चुकणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो सुलोचनाबाईंकडं गेला. तिथं मिक्सरच्या सॉकेटमधून धूर निघत होता. बाई घाबरल्या. महिपती घाबरला नाही. तो शांतपणे शेजारी गेला.

"तुमच्याकडं पण धूर निघतोय का?"

शेजारीण चुलीवर वांगं भाजत होती. "निघतोय की."

पलीकडच्या घरी बंब पेटवला होता. तिथंही निघत होता. महिपती परत आला आणि म्हणाला, "बाई, सगळीकडं तसंच आहे. दोष खांबावरचा." तोवर बोर्ड जळाला होता, आणि बोर्डाशेजारचं कॅलेंडर दिवाळीपर्यंत जळत आलं होतं.

"अरे देवा," दाजी म्हणाले. "धूर दिसला की कुणाला विचारायचं नाही. धावत जाऊन मेन स्विच बंद करायचा."

"आता चुकणार नाही."

तिसरं घर सरपंच अण्णांचं. टीव्हीचं चित्र बारीक होत होतं. माजघरात न्हावी वस्तऱ्यानं अण्णांची मिशी कोरत होता आणि देवघरात त्यांच्या आईनं धूप लावला होता. महिपतीला धूर दिसला. तो धावला आणि त्यानं मेन स्विच पाडला. काळोख झाला, न्हाव्यानं दचकून वस्तरा ओढला. दिवे आले तेव्हा अण्णांना डाव्या बाजूलाच मिशी होती.

त्या रात्री दाजींनी महिपतीला खाटेजवळ बसवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हे बघ. आता सोपं सांगतो. आधी लोड काढून मोजायचं. मग लोड देऊन मोजायचं. लोड दिल्यावर आकडा पडला, तर आतली जोडणी सैल."

"लोड? घरातला?"

"घरातलाच. आणि कुठला?"

महिपतीला पहिल्यांदाच सगळं नीट समजलं. तो समाधानानं झोपला.

चौथं घर हौसाबाईचं. तिनं पंधरा दिवस वाड्यावस्त्या फिरून गावठी कोंबडीची साठ अंडी गोळा केली होती. ती उबवायला विजेची पेटी आणून त्यात मांडली होती, पण पेटी काही ऊब धरेना. "महिपतीदादा, अंडी वाया गेली तर माझा सगळा हुरूप जाईल," ती म्हणाली.

"काळजी करू नको, ताई. तुझ्याकडं लोड आहे का?"

"आहे की. मामंजींच्या पाठीशी."

सासरे पडवीत लोडाला टेकून डुलक्या घेत होते. महिपतीनं लोड ओढला. म्हातारा मागं आडवा झाला आणि तसाच झोपला. महिपतीनं मोजलं, फोन लावला.

"दाजी, अंडी उबवायची पेटी आहे. लोड काढला. एकशे साठ."

दाजींचा जीव हरखला. पहिल्यांदाच गडी कामाचं बोलत होता. "शाब्बास. आता लोड दे."

"कशावर?"

"कशावर म्हणजे? पेटीवर."

"सगळा?"

"पूर्ण लोड दे. त्याशिवाय दोष कळत नाही."

महिपतीनं पेटीचं झाकण उघडलं. लोड कापसानं गच्च भरलेला होता, आत बसेना. म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी दाबला. तरी थोडा वर राहिला. पूर्ण द्यायचा होता, म्हणून तो स्वतः त्याच्यावर बसला. मग बसल्या बसल्या काड्या सॉकेटमध्ये घातल्या.

"दिला का लोड?" दाजींनी फोनवर विचारलं. "आकडा कमी झाला का?"

"नाही दाजी," महिपती म्हणाला. "आकडा आहे तेवढाच आहे. अंडी तेवढी कमी झाली."