पेजवालीच्या काकिणी

पूर्वी गंगेकाठच्या एका नगरात उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व अमात्यांच्या कुळात जन्माला आले होते आणि वडिलांच्या मागे त्याच राजाचे अमात्य झाले होते.

त्या नगराच्या पूर्व दरवाजापाशी उत्तरा नावाची एक विधवा पेज विकायची. डावभर पेज, वर मिठाची चिमूट, मोल एक काकिणी. काकिणी म्हणजे त्या राज्यातलं सगळ्यात लहान तांब्याचं नाणं. अशा चार काकिणींचा एक माष होई. हमालांना ओझ्यामागे काकिणीच मिळे. एक ओझं वाहायचं, डावभर पेज प्यायची आणि पुन्हा ओझ्याखाली मान द्यायची. रोजचा पहिला डाव मात्र उत्तरा दारी येणाऱ्या तापसासाठी काढून ठेवी. नवरा गेल्यावर घेतलेलं हे व्रत तिनं एक दिवसही चुकवलं नव्हतं.

एके सकाळी दवंडी आली. "ऐका हो! काकिणी पाडायला काकिणीहून जास्त मोलाचं तांबं लागतं! येत्या पौर्णिमेपासून काकिणी बंद हो!"

उत्तरेचा डाव मडक्यावरच थांबला. "आता काय चार डाव एकदम विकायचे?"

"वीक की, आक्का," नंदिक हमाल म्हणाला. "आम्ही चौघं मिळून येऊ. माष कुणी द्यायचा यावर भांडू, तोवर पेज निवेल."

सगळे हसले. नंदिक मात्र हसला नाही. "व्यापाऱ्यानं सांगितलंय, चार ओझी झाली की एक माष. माझ्या गुडघ्यांनी तीनच होतात गं. मग तिन्ही फुकट."

"उरलेली उद्याला धरतील की."

"रोज नवा मुकादम असतो. उद्याच्याला कालचं कशाला आठवतंय?"

उत्तरेनं मनाशी हिशोब केला. काकिणी गेली की नंदिक गेला, नंदिक गेला की चूल गेली, आणि चूल गेली की तो पहिला डावही गेला.

पौर्णिमेला तीन दिवस उरले असताना बोधिसत्त्व नदीवरून स्नान करून येत होते. नेहमीप्रमाणे ते चुलीपाशी थांबले, डावभर पेज प्यायले आणि त्यांनी तिच्या हातावर माष ठेवला. "राहू द्या बाकीचे, माय."

"राहू कसे द्यायचे? सुटं द्या, आर्य," उत्तरा जरा चिडूनच म्हणाली. "एवढ्या सकाळी माझ्याकडं मोड नाही. तुमच्यासारख्यांच्या घरी काकिणी गेली की गेलीच. सासरी गेलेली लेकसुद्धा सणाला परत येते, पण काकिणी काही येत नाही."

बोधिसत्त्व जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या घरात कणग्यांच्या आडोशाला एक रांजण होता. रोज कनवटीच्या काकिणी त्यात पडत आणि पुन्हा कुणी तिकडे बघत नसे. टांकसाळ दरसाल नव्या काकिणी पाडते, मग जुन्या जातात कुठं, हे त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. त्यांना आपलीच लाज वाटली.

"माय, माझ्याबरोबर राजवाड्यात येता?"

"अशा काजळलेल्या हातांनी?"

"अशाच या."

राजवाड्यात राजा राणीबरोबर सोंगट्या खेळत होता. दोघांमध्ये चांदीचं ताट होतं आणि त्यात पणाला लावायला तांब्याच्या नाण्यांची रास. उत्तरेला राजा दिसलाच नाही, ताटच दिसलं. "अगोबाई! माझ्या काकिणी इथं खेळत बसल्यात होय!"

पहारेकरी दचकले. राणीनं तोंडाला पदर लावला.

बोधिसत्त्वांनी हात जोडले. "महाराज, इथं ताटभर आहेत, माझ्या घरी रांजणभर. ज्यांना काकिणीचं काम नाही त्यांच्या घरी त्या पडून राहतात, म्हणून दरसाल नव्या पाडाव्या लागतात. नव्या पाडू नका, पण जुन्या बंदही करू नका. पडलेल्या बाहेर आणवा. बदल्यात ज्याचे त्याला माष द्या."

राजा विचारात पडला. मग त्यानं उत्तरेला विचारलं, "माय, एका काकिणीत येतं तरी काय?"

"डावभर पेज, महाराज. तेवढ्यावर माणूस पुढच्या ओझ्यापर्यंत उभा राहतो."

राजानं हातातल्या सोंगट्या खाली ठेवल्या. तो उठला आणि त्यानं ते ताट तिच्या पदरात रिकामं केलं. उत्तरेचे डोळे भरून आले. तरी तिनं तिथल्या तिथं तीन काकिणी उचलून बोधिसत्त्वांच्या हातावर ठेवल्या. "हे तुमचे सुटे, आर्य. रांजणात टाकू नका बरं."

पौर्णिमेला पुन्हा दवंडी फिरली, काकिणी चालू राहणार म्हणून. मोठमोठ्या घरांतून रांजण बाहेर निघाले, आणि टांकसाळीला कितीतरी वर्षं नवी काकिणी पाडावी लागली नाही. त्या दिवशी नंदिकानं तिसरं ओझं उतरवलं, तिसरी काकिणी घेतली आणि तो चुलीपाशी निवांत टेकला. तापसाचा डाव केव्हाच देऊन झाला होता.

एवढी कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. समोर एक उपासिका दानाला आणलेले ओंजळभर तांदूळ पदराआड लपवून, संकोचून, सगळ्यांच्या मागे उभी होती. तिच्याकडे पाहून ते म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद, अमात्य म्हणजे मी, आणि पेजवाली उत्तरा म्हणजे मागे उभी आहे ती ही माझी लेक. पुढे ये, बाळ. लहानाचं मोल जाणणं हीच करुणा."

उपासिकेनं पदर बाजूला केला आणि ती पुढे आली.