हळू चालणारा पुढे

खूप खूप वर्षांपूर्वी, सपाट माळावरच्या एका गावात एक मोजणीदार राहत असे. दोरी टाकून शेतं मोजायची, हे त्याचं काम. दोरी कधी खोटं बोलत नाही, असं तो म्हणे.

एकदा सुगी आटोपल्यावर त्याने ठरवलं की घरच्यांना डोंगरांचा देश दाखवायचा. देश इतका लहान की नकाशावर तळहाताखाली झाकला जाई. त्याने नकाशावर सुतळी ठेवून वाट मोजली आणि बेत लिहून काढला. पाच दिवस, पाच गावं. पाचव्या गावाला बर्फ, आणि तिथून गाडीरस्त्याने परत.

सोबत बायको, दोन मुली आणि त्याची थोरली बहीण, जिने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. मुलींच्या या आत्याला गावं बघायची हौस नव्हती. तिला फक्त एकदा बर्फ हातात घ्यायचा होता.

पण नकाशावर सपाट दिसणारी वाट तिथे कधी आभाळाकडे चढे, कधी ओढ्यात उतरे. दोन दिवस झाले तरी एकच गाव झालं. आत्याचे गुडघे सुजले. मोजणीदार पुढे जाऊन वळणावर थांबे, आत्या पोचली की लगेच म्हणे, चला, उशीर झालाय.

तिसऱ्या सकाळी खिंडीतल्या चौकीपाशी आत्या दगडावर बसली. "तुम्ही जाऊन या. मी इथेच थांबते. बर्फ कसा असतो ते आल्यावर सांगा म्हणजे झालं."

मोजणीदाराने बेताचा कागद पाहिला. तिला ठेवून गेलं तर उरलेली गावं जेमतेम होणार होती.

चौकी राखणारी म्हातारी हे ऐकत होती. तिने विचारलं, "तुमच्यात सगळ्यांत हळू कोण चालतं?"

त्याने बहिणीकडे बोट दाखवलं.

"मग त्या मागे कशा? आमच्याकडे हळू चालणारा पुढे असतो. इथून बर्फाकडे सरळ वाट जाते. यांच्या चालीने दोन दिवस."

"मग मधली तीन गावं राहतील," तो म्हणाला.

"गावं कुठे जात नाहीत, बाबा. गुडघे जातात."

तेव्हा कधी फारसं न बोलणारी धाकटी मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, आपण बसतो तेव्हा आत्या चालत असते. ती पोचली की आपण उठतो. तीन दिवसांत ती आत्ताच पहिल्यांदा बसली आहे."

मोजणीदाराने बहिणीच्या पायांकडे पाहिलं. मग त्याने कागदाची घडी करून खिशात टाकली, तिचं गाठोडं उचललं आणि म्हणाला, "अक्का, तू पुढे हो."

ती पुढे निघाली. ती थांबली की सगळे थांबत, ती उठली की सगळे उठत. पाचव्या दिवशी दुपारी तिच्या हातात बर्फ होता.

"इतका गार, आणि राहतही नाही," ती म्हणाली. "आणखी दे रे."

घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी थट्टा केली, पाच गावं ठरवून दोनच पाहिलीत? मोजणीदार म्हणाला, "हो. पण सगळ्यांनी पाहिली."

तात्पर्य: बेत आखताना वाट मोजावीच, पण सगळ्यांत लवकर दमणाऱ्याच्या पावलांनी.