डालग्याखालचा पारवा

त्या राज्याला झाकण होतं. झाकण उघडलं की दिवस, मिटलं की रात्र. बाहेरची प्रत्येक खबर पलीकडच्या मनोऱ्यावरून यायची, आणि मनोऱ्यापर्यंत रस्ता नव्हता, नुसती हवा होती. म्हणून राज्याचं सगळं टपाल एका पारव्याच्या पंखांवर चालायचं.

मोराची राजवट गेली आणि बगळा गादीवर आला, तेव्हा प्रजेला आनंदच झाला. मोराचा थाट फार. कोठारातला दाणा दुपारपर्यंत संपायचा. बगळा काटकसरी होता. त्याने कारभारी, कायदे, शिक्के, सगळं एका दिवसात बदललं. जुना राहिला तो फक्त पारवा.

आणि टपाल रखडू लागलं. खारीने सकाळी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर झाकण मिटायच्या वेळी येऊ लागलं.

"ह्याला झालंय तरी काय?" ती वैतागली. "मोराच्या वेळी शेपटी हलवेपर्यंत यायचा मेला!"

प्रधान मुंगूस चौकशीला बसला. त्याने पारव्याची बसायची दांडी भिंतीपासून दूर नेली. झाकण तीनदा मिटून उघडायला लावलं. मनोऱ्याकडे विचारणा केली, तर शेजारच्या राज्यांचे पक्षी तिथूनच भराभर ये-जा करत होते. नव्या राजवटीत खोट असणं तर शक्यच नव्हतं, ती कोरी करकरीत होती. मुंगसाने निवाडा लिहिला: पारवा मंद झाला आहे, पंख छाटून हाकलावा, बाहेरचा पक्षी आणावा.

एक गोष्ट मात्र कुणी पाहिली नाही, कारण ती नव्या कायद्यातच होती. हाती काम नसेल त्याने जागं राहायचं नाही. पारवा दांडीवर टेकला रे टेकला, की पहारेकरी त्याच्यावर कोंबड्यांचं डालगं झाकायचे आणि वर दगड ठेवायचे. चिठ्ठी आली की दगड उतरवा, डालगं उचला, झोपलेल्याला हलवा. दिवसातून शंभर वेळा. दाणा वाचत होता, हे खरं.

निवाड्याच्या दिवशी पारवा डालग्याखाली गेला नाही. त्याच्यावर चढून बसला. रागाने त्याची मान फुगली होती.

"छाटा पंख," तो दरबाराला म्हणाला. "पण आधी प्रधानजींनी घटकाभर ह्यात बसावं. मी रोज बसतो. कायदा सगळ्यांना सारखाच ना, महाराज?"

बगळ्याला नाही म्हणता येईना. मुंगूस हसत हसत आत शिरला. वर दगड ठेवला गेला. अंधार, ऊब आणि हाती काम नाही. थोड्याच वेळात आतून घोरणं ऐकू आलं.

तेवढ्यात खारीने चिठ्ठी पुढे केली. पारवा ती चोचीत धरून उडाला.

"प्रधानजी, निवाडा वाचा!" बगळ्याने फर्मावलं.

पहारेकऱ्यांनी दगड उतरवला, डालगं उचललं, मुंगसाला हलवलं. तो उजेडात डोळे चोळत उठला.

"कोण? कुठे? कसला निवाडा?"

कागद त्याच्या हातात कोंबला गेला. तो उलटा धरून मुंगूस पहिलं अक्षर शोधत होता, तोवर पारवा मनोऱ्यावरून उत्तर घेऊन परतला आणि रिकाम्या डालग्यावर पाय रोवून बसला.